मदत हवी: १७९८चं लंडन, कर्जात बुडालेला बाप आणि खोटी सही करणारा मुलगा

कोरा_कागद

नमस्कार मंडळी,

एक दीर्घकथा लिहायला घेतलीय. तिसऱ्या प्रकरणापर्यंत झोकात आले आणि तिथं गाडं रुतलं.

काळ १७९८, इंग्लंडात तिसऱ्या जॉर्जचं राज्य. लंडनमध्ये चीपसाइडला बापाचं कापडाचं दुकान. बाजारात ३०० पौंडांची देणी थकलीत. थोरला मुलगा बावीस वर्षांचा. बापाला वाचवायला म्हणून त्यानं मामाच्या नावाची खोटी सही करून ५० पौंडांची हुंडी वटवलीय. धाकटीचं लग्न एका पाद्र्याशी ठरलंय. आई आहे, ती सगळं जाणून गप्प आहे.

मी लिहिलं ते असं: रविवारी सकाळी घरातले चर्चला निघालेत, तेवढ्यात बेलिफ दार फोडून आत शिरतो आणि आईबाप दोघांना तुरुंगात नेतो. बाप तिथून निसटून फ्रान्समधल्या कॅलेला पळतो. मुलगा ५० पौंड परत करतो, म्हणून न्यायाधीश त्याला तीनच वर्षांची कैद देतो. पाद्री लग्न मोडतो.

मैत्रिणीला वाचायला दिलं तर म्हणाली, "हे कोर्ट नक्की कुठल्या देशातलं आहे गं?" तेव्हापासून एक ओळ पुढे सरकलेली नाही. त्या काळातलं कर्ज, गुन्हा आणि घराण्याची अब्रू याबद्दल कुणाला खात्रीचं माहीत असेल तर सांगा. चुका बेधडक काढा, मी रडणार नाही. (रडले तरी इथं दिसणार नाही.)

---

बेलिफकाका

माझ्या टोपणनावावरून ओळखलं असेलच. दिवाणी कोर्टात नाझर म्हणून निवृत्त झालो, हयात जप्तीची वॉरंटं बजावून घेण्यात गेली. इंग्रजांची ही जुनी प्रकरणं वाचायचा नाद त्यातूनच लागला. तुमच्या आराखड्यातली एकही गोष्ट जागेवर नाही. पण नाउमेद होऊ नका, खरं जे होतं ते तुमच्या कल्पनेपेक्षा रंगतदार आहे.

आधी रविवार. १६७७च्या कायद्यानं रविवारी दिवाणी वॉरंट बजावायला बंदी होती. त्यामुळे सहा दिवस घरात दडून बसलेले ऋणको रविवारी ठेवणीतला कोट चढवून राजरोस फिरायला निघायचे. लोक त्यांना थट्टेनं 'रविवारचे सभ्य गृहस्थ' म्हणत. तुमचं कुटुंब चर्चला निघालंय तेव्हा ते आठवड्यातल्या सगळ्यात सुरक्षित घटकेला निघालंय.

दुसरं दार. दिवाणी कामासाठी घराचं बाहेरचं दार फोडायचा अधिकार बेलिफला नव्हता. ते उघडं मिळालं आणि तो एकदा आत आला, की मग आतल्या खोल्यांची दारं फोडू शकायचा. म्हणून सगळा खेळ त्या एका कडीचा. गिऱ्हाईक होऊन यायचं, निरोप्या होऊन यायचं, मोलकरणीनं फट केली की बूट अडकवायचा. माझ्या हाताखालच्या बेलिफांना हे वाचून दाखवलं असतं तर पोट धरून हसले असते, इतकं ओळखीचं आहे ते.

तिसरी आई. तिला कर्जापायी तुरुंग नाही. लग्न झालं की कायद्याच्या नजरेत बाईचं वेगळं अस्तित्वच उरत नसे. तिचं होतं ते नवऱ्याचं झालं, तिनं केलेली उधारी नवऱ्याच्या डोक्यावर. लग्नाच्या वेळी तिच्या माहेरच्यांनी काही रक्कम विश्वस्तांच्या नावे बांधून ठेवली असेल, तर तेवढ्याला मात्र धनको हात लावू शकत नाही. तुमच्या कथेतला मामा असाच विश्वस्त असू शकेल बघा. मग भाच्यानं नेमक्या त्याचीच सही का निवडली, याला कारण मिळतं.

आई तुरुंगात जाईल, पण स्वतःच्या पायानं. कर्जाच्या तुरुंगात बायकामुलं ऋणकोबरोबर राहायची. बाहेर भाडं भरायला पैसे नसले की अख्खा संसार आत. सकाळी दार उघडलं की बायको बाजाराला, मुलं कामाला, रात्री दार लागायच्या आत परत.

चौथं, अटक कशी होते ते. धनकोनं शपथपत्र केलं की अमुकनं माझे इतके पैसे बुडवले, की कोर्टाचा अटकेचा हुकूम निघायचा. खटला चालायच्या आधीच, हे लक्षात घ्या. बेलिफ रस्त्यात खांद्यावर हात ठेवतो, झाली अटक. तिथून थेट तुरुंग नाही. आधी बेलिफच्याच घरी. खालच्या मजल्यावर त्याची बायको स्वयंपाक करते, वरच्या मजल्यावर खिडक्यांना गज. या घरांना स्पंजिंग हाउस म्हणत, आणि नाव अगदी सार्थ होतं: खोलीचं भाडं, मेणबत्ती, कोळसा, दारू, चिठ्ठी पोचवायला पोऱ्या, सगळ्याचे अव्वाच्या सव्वा पैसे. दोन-चार दिवसांत जामीन मिळाला तर ठीक, नाहीतर मग फ्लीट, किंग्ज बेंच किंवा मार्शल्सी, हे लंडनचे कर्जाचे तुरुंग.

तुरुंगातही फुकट काही नाही. आत आल्याबद्दल फी, सुटताना फी, जुन्या कैद्यांना 'वर्गणी'. पैसेवाल्याला बरी खोली, कफल्लकाला गर्दीची. फ्लीट आणि किंग्ज बेंचच्या भोवती ठरावीक गल्ल्यांचा एक पट्टा होता. हमी आणि पैसे भरले की कैदी त्या पट्ट्यात घर घेऊन राहू शकायचा. कागदावर कैदेत, पण प्रत्यक्षात कोपऱ्यावरच्या बिऱ्हाडात.

तुरुंग सुधारा म्हणून झटणाऱ्या जॉन हॉवर्डनं इंग्लंड-वेल्समधले तुरुंग हिंडून पाहिले. १७७६मध्ये त्यानं मोजलेले कैदी ४,०८४, आणि त्यातले २,४३७ नुसत्या कर्जापायी. निम्म्याहून जास्त! चोराची शिक्षा ठरलेली असते आणि एक दिवस संपते. ऋणकोला शिक्षा झालेलीच नसते, त्यामुळे ती संपत पण नाही. कर्ज फिटेपर्यंत किंवा धनकोचं मन पाघळेपर्यंत आत.

कॅलेचं उद्या लिहितो, डोळे दुखायला लागले.

---

खवचट_खारूताई

काका, एक बाळबोध शंका. माणसाला कोंडलं तर तो कमावणार काय आणि फेडणार कशातून? हे म्हणजे म्हैस दूध देत नाही म्हणून तिला वैरण बंद करण्यासारखं झालं.

---

बेलिफकाका

खारूताई, म्हशीला नाही हो, म्हशीच्या माहेराला पिळायचं असतं! सासरा, मेहुणा, थोरला भाऊ, ज्यांना आपलं आडनाव मार्शल्सीच्या वहीत नको असतं, ते पैसे काढतात. धनकोला हे पक्कं ठाऊक असायचं. कर्ज एकाचं आणि अब्रू सगळ्या घराण्याची, म्हणून तर हा धंदा चालायचा. शिवाय धनकोला माणूस किंवा माल यातलं एकच निवडावं लागे. निकालानंतर ऋणकोला आत टाकलं, की तो आत असेपर्यंत त्याच्या मालमत्तेवर जप्ती नाही. म्हणून काही बिलंदर माणसं गाठीशी पैसा असूनही किंग्ज बेंचमध्ये मजेत राहायची, अंगणात चेंडूफळी खेळत.

१७५९च्या एका कायद्यानं १०० पौंडांच्या आतल्या ऋणकोला सगळं देऊन सुटायचा मार्ग काढला. तरीही धनको "नाही, आतच ठेवा" म्हणाला, तर त्यानं कैद्याच्या पोटाला दिवसाला ४ पेन्स भरायचे. (१२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड, म्हणजे हिशोब येईल.) पैसे भरायचे थांबले की कैदी मोकळा. शुद्ध खुनशीपणासाठी रोज ४ पेन्स भरणारे महाभाग होते म्हणे.

आता कॅले. ताई, १७९३पासून इंग्लंड आणि फ्रान्सचं युद्ध चालू आहे! १७९८मध्ये कॅलेला पळालेला कापडवाला कर्जासाठी नाही, हेर म्हणून पकडला जाईल. कॅले हे ऋणकोंचं माहेरघर झालं ते युद्ध संपल्यावर. लंडनच्या फॅशनचा बादशहा ब्यू ब्रमेल १८१६च्या मे महिन्यात पळाला तो तिथंच. अॅडमिरल नेल्सनची प्रेयसी एमा हॅमिल्टनही किंग्ज बेंचची हवा खाऊन शेवटी कॅलेलाच गेली आणि १८१५च्या जानेवारीत तिथंच वारली. तुमच्या बापाला पाठवायचंच असेल तर आइल ऑफ मॅनला पाठवा. बाहेर केलेल्या कर्जाबद्दल त्या बेटावर कुणाला धरता येत नसे, हा आसरा १८१४पर्यंत टिकला. नाहीतर एडिंबरा. तिथं होलीरूडच्या राजवाड्याच्या आवारात ऋणकोला अभय होतं.

---

पानपिसारा

काकांनी कायदा सांगितला, मी एक दृश्य सांगते. तुमच्या काळाच्या जरा पुढचं आहे, १८२४. जॉर्ज चौथा असला तरी तुरुंगाची तऱ्हा तीच.

जॉन डिकन्स, नौदलाच्या पगार कचेरीतला कारकून, एका बेकरवाल्याचे ४० पौंड १० शिलिंग थकले म्हणून मार्शल्सीत गेला. बायको आणि धाकटी मुलं थोड्याच दिवसांत आत राहायला गेली. मुलगा चार्ल्स, पुढे कादंबरीकार झाला तोच, तेव्हा बारा वर्षांचा. तो बाहेर, हंगरफर्डच्या घाटाजवळच्या बूटपॉलिशच्या कारखान्यात, आठवड्याला सहा-सात शिलिंगांवर. पॉलिशच्या बरण्यांवर आधी तेलकट कागद, त्यावर निळा कागद, दोरीनं बांधायचं, कडा कातरायच्या, लेबल चिकटवायचं. दिवसभर तेच.

कारखान्यात बॉब फॅगिन नावाचा मुलगा त्याला जीव लावायचा. एक दिवस चार्ल्सच्या पोटात कळ आली, तर बॉब हट्टाला पेटला की मी तुला घरी पोचवतो. आता घर कुठलं दाखवणार? चार्ल्सनं नाना बहाणे केले, बॉब ऐकेना. शेवटी साउथवर्क पुलाजवळच्या एका परक्या घराच्या पायरीवर चार्ल्सनं त्याचा हात हातात घेतला, "हेच माझं घर" म्हणाला आणि निरोप दिला. बॉब मागे वळून बघेल म्हणून खरोखर दार वाजवलं. बाई बाहेर आली तेव्हा विचारलं, "मिस्टर रॉबर्ट फॅगिन इथंच राहतात का?"

अजून एक. बापाला सुटायचं तर घरातल्या माणसांचे कपडे आणि अंगावरच्या वस्तू मिळून २० पौंडांच्या वर किंमत भरता कामा नये असा नियम. म्हणून या पोराला सरकारी मूल्यमापकाकडे जाऊन उभं राहायचं होतं. अंगावर पांढरी गरीब टोपी, आखूड जाकीट, कॉर्डरॉयची विजार, आणि खिशात आजीनं दिलेलं जाडजूड चांदीचं घड्याळ. वाटभर त्याला धास्ती, की या घड्याळानं आपण वीस पौंडांच्या वर गेलो तर? मूल्यमापक तोंडात घास घेऊनच बाहेर आला, बिअरचा वास मारत, एक नजर टाकून म्हणाला ठीक आहे. पोरगा कमरेत वाकून मुजरा करून निघाला.

हे सगळं त्यानं पुढे एका जिवलग मित्राला सांगितलं. लोकांना कळलं ते त्याच्या मरणानंतर. इंग्लंडातला सगळ्यात प्रसिद्ध माणूस झाल्यावरही झाकली मूठ त्यानं उघडली नाही. कोरा_कागद, तुमच्या कथेत बेलिफच्या धिंगाण्यापेक्षा असं एखादं परक्या घराचं दार जास्त बोलेल असं मला वाटतं.

---

कोरा_कागद

बाप रे. घड्याळाचं वाचून गलबलून आलं. दोन दिवस फक्त वाचतेय.

काका, रविवार, दार, आई, कॅले सगळं खोडलं. आता मुलाचं सांगा. पैसे परत केले तरी तीन वर्षं जास्त होतात का? ५० पौंड म्हणजे तशी मोठी रक्कम नाही ना?

---

बेलिफकाका

तीन वर्षं? ताई, तुमच्या पोराला फाशी आहे.

त्या काळी दोनशेच्या आसपास गुन्ह्यांना देहदंड होता. दुकानातून ५ शिलिंगांचा माल गुपचूप लांबवला, फाशी. राहत्या घरातून ४० शिलिंगांची चोरी, फाशी. पण ज्यूरीतली माणसं तुमच्या-माझ्यासारखीच. ती काय करायची, तर मालाची किंमत पाडून धरायची. घरातून नेलेल्या वस्तूला ३९ शिलिंग म्हणायचं, की पोरगं फासावरून उतरून बोटीवर चढलं. १७८८पासून बोट ऑस्ट्रेलियाची. त्याआधी अमेरिकेची होती. म्हणजे पुस्तकातला कायदा राक्षसी आणि कोर्टातला कायदा घासाघीस करणारा.

खोट्या सहीत ही पळवाट नाही. १७२९च्या कायद्यात रकमेची अटच नाही. ५० पौंड असोत की ५, सही खोटी म्हणजे खोटी, ज्यूरीला पाडायला आकडाच नाही. आणि माफी मिळणंही फार कठीण. कारण? सगळा व्यापार हुंड्यांवर, वचनचिठ्ठ्यांवर चालायचा. चोर एका घराला लुटतो, खोटी सही करणारा अख्ख्या बाजाराच्या विश्वासाला भोक पाडतो, असा त्यांचा हिशोब. १७९७पासून बँक ऑफ इंग्लंडनं १ आणि २ पौंडांच्या कागदी नोटा काढल्या, त्यानंतर तर नकली नोटांपायी गोरगरिबांना शेकड्यांनी लटकवलं.

पैसे परत केल्यानं काय होतं ते डॉक्टर विल्यम डॉड याला विचारा. हा तुमच्या कथेला अगदी जवळचा, कारण पाद्रीच. साधा नव्हे, एकेकाळचा राजाचा उपदेशक, प्रवचनाला उमरावांच्या बग्ग्यांची रांग लागायची. राहणी मात्र मिळकतीच्या दुप्पट. १७७४मध्ये एका बड्या चर्चची जागा रिकामी झाली, तेव्हा लॉर्ड चॅन्सलरच्या बायकोला निनावी पत्र गेलं, की जागा मिळवून दिलीत तर ३,००० पौंड. पत्राचा माग डॉडच्या बायकोपर्यंत लागला. राजाच्या यादीतून नाव कटलं, गावभर छीथू झाली, नाटकवाल्यांनी रंगमंचावर चेष्टा केली. इथंच थांबला असता तर निभावलं असतं.

१७७७च्या फेब्रुवारीत त्यानं आपल्या जुन्या शिष्याच्या, अर्ल ऑफ चेस्टरफील्डच्या, नावानं ४,२०० पौंडांचं कर्जखत केलं. सही स्वतःच ठोकली. पैसे मिळाले. नंतर धनकोच्या वकिलाला खत चाळताना 'सेव्हन' या शब्दातल्या ई अक्षरावर शाईचा एक विचित्र डाग दिसला. बस्स, तेवढंच. कागद डागाळलाय, लॉर्डसाहेबांकडून स्वच्छ प्रत करून घेऊ, असं म्हणत तो चेस्टरफील्डकडे गेला. लॉर्डसाहेब म्हणाले, ही सही माझी नव्हेच.

चाळीस वर्षं मी कागदांवरचे डाग बघितले, त्या ई-वरच्या डागाची गोष्ट वाचली तेव्हा अंगावर काटा आला.

डॉडनं त्याच दिवशी मोठी रक्कम परत केली, उरलेल्याला घरातलं सामान लावलं. उपयोग शून्य. ज्यूरीनं दोषी धरलं आणि दयेची शिफारसही केली. २३,००० लोकांनी अर्जावर सह्या केल्या. खुद्द कोशकार सॅम्युएल जॉन्सननं त्याच्यासाठी अर्ज आणि भाषणं लिहून दिली. पण वर्षभरापूर्वीच, १७७६च्या जानेवारीत, रॉबर्ट आणि डॅनियल पेरो या जुळ्या भावांना याच गुन्ह्यासाठी फासावर चढवलं होतं. त्यांना फाशी आणि पाद्र्याला माफी हे कुठल्या तोंडानं सांगायचं? २७ जून १७७७, लंडनच्या टायबर्न वधस्थळी फाशी.

तर तुमच्या पोराला वाचवायची जागा कोर्टात नाही, कोर्टाच्या अलीकडे आहे. तेव्हा आजच्यासारखे पोलीस किंवा सरकारी वकील नव्हते. ज्याचं नुकसान झालं त्यानंच फिर्याद करायची, खर्चही बहुतेक त्याचाच. हुंडीची मुदत भरली, सावकार ती घेऊन मामाकडे आला, मामानं सहीकडे बघितलं. त्या घटकेला तो "हो, माझीच" म्हणाला आणि पैसे मोजले, तर गुन्हा कुणाला दिसणारच नाही. "माझी नव्हे" म्हणाला, की भाचा गेला. दोन शब्दांचा खेळ आहे.

---

खवचट_खारूताई

मी माझे म्हशीचे शब्द मागे घेते. मामीला विसरू नका हो कुणी. ५० पौंड मामीला विचारल्याशिवाय निघणार नाहीत, कायदा काही म्हणो.

---

पानपिसारा

लग्नाबद्दल. पाद्र्यानं सरळ मोडलं तर मुलगी वचनभंगाचा दावा लावू शकते, पण दावा लावायचा म्हणजे सगळं घर कोर्टात उघड्यावर मांडायचं. कोण बाप लावील? त्यामुळे प्रत्यक्षात सगळं गुळमुळीत व्हायचं. पत्रं आखूड होतात, भेटी लांबतात.

घराण्याच्या अब्रूचं उलट उदाहरण सांगते. यात गुन्हा सिद्धच झाला नाही. कादंबरीकार जेन ऑस्टिनची श्रीमंत मामी, जेन ली-पेरो. ऑगस्ट १७९९, बाथ शहर. तिनं एका दुकानातून काळी लेस घेतली, पुडकं घेऊन निघाली. थोड्या वेळानं नवऱ्याबरोबर त्याच रस्त्यानं परत येताना दुकानवाली धावत बाहेर आली: "बाईसाहेब, पुडक्यात पांढऱ्या लेसचं कार्ड पण आहे का?" पुडकं उघडलं तर होतं. किंमत २० शिलिंग. मामी म्हणाली, तुमच्याच माणसानं चुकून बांधलं असेल. काही दिवसांनी अटक.

जामीन नाही. साडेसात महिने इल्चेस्टरच्या तुरुंगात. पैसेवाली म्हणून कोठडीऐवजी तुरुंगाधिकाऱ्याच्या घरात, नवरा आपण होऊन सोबत राहिला. तिच्या पत्रांतलं एक बारीकसं वर्णन माझ्या डोक्यातून जात नाही: जेलरची बायको तळलेल्या कांद्याची सुरी जिभेनं चाटून साफ करायची आणि त्याच सुरीनं हिला वाढायची. जेलरची पोरं लोणी लागलेला टोस्ट मामांच्या मांडीवर ठेवायची, आणि हा टापटिपीचा भोक्ता माणूस बायकोसाठी हूं की चूं न करता बसून राहायचा. जेनच्या आईनं आपल्या मुलींना सोबतीला पाठवायची तयारी दाखवली. मामीनंच नको म्हटलं, तरण्या मुलींना असल्या जागी आणायचं नाही म्हणून.

मार्च १८००मध्ये टॉन्टनला खटला. गंभीर गुन्ह्यात आरोपीच्या वकिलाला ज्यूरीपुढे भाषण करायची परवानगी नसे, ती मिळाली १८३६मध्ये. म्हणजे बाईनं स्वतः उठून बोलायचं. काही वाक्यांनंतर तिचा आवाजच फुटेना, तेव्हा ती पुटपुटेल ते वकिलानं मोठ्यानं कोर्टाला सांगितलं. ज्यूरीनं दहा-पंधरा मिनिटांत निर्दोष सोडलं. दोषी ठरली असती तर बहुधा ऑस्ट्रेलिया, आणि नवऱ्यानं सगळं विकून बरोबर जायची तयारी ठेवली होती. निर्दोष सुटायचा खर्च सुमारे २,००० पौंड.

आणि तरी तिनं चोरलं की नाही याची कुजबुज आजही चालूच आहे, आपण इथं करतोय तीच. तुमच्या पाद्र्याच्या आईनं नुसतं "असं कानावर आलं" म्हटलं तरी पुरे.

---

बेलिफकाका

पानपिसाराबाईंचं वाचून दोन गोष्टी राहून गेल्याचं लक्षात आलं.

एक, तुमच्या बापाचं दिवाळं कुणी काढलं? दारू, जुगार असलं काही देऊ नका, ते गुळगुळीत झालंय. त्याचं गिऱ्हाईक एखादा लॉर्ड करा. दोन वर्षं रेशीम-मलमल उधार नेतोय. उमरावाला आणि पार्लमेंटच्या सभासदाला दिवाणी कर्जासाठी अटक करता येत नसे. शेरिडन नाटककाराची खासदारकी १८१२मध्ये गेली आणि पुढच्याच वर्षी त्याला बेलिफनं उचलला, तो त्यामुळेच. गंमत बघा, जुगारातलं १० पौंडांवरचं देणं कोर्टात वसूलच करता येत नव्हतं, म्हणूनच ते 'इभ्रतीचं देणं'. लॉर्ड ते सकाळी उठून चुकवणार. कापडवाल्याचं बिल कायद्यानं पक्कं, म्हणून ते थांबू शकतं.

दोन, हे मी मुद्दाम शेवटाला ठेवलं होतं. बाप व्यापारी आहे, म्हणजे त्याला दिवाळखोरीचा कायदा लागू. साध्या गृहस्थाला तो लागू नव्हता, फक्त व्यापाऱ्याला. सगळी मालमत्ता उघड करून सोपवली आणि संख्येनं व रकमेनं पाच धनकोंपैकी चौघांनी दाखल्यावर सही केली, तर जुनी देणी धुऊन नव्यानं धंदा करता येतो. लपवाछपवी केली तर मात्र फाशी. जॉन पेरॉट नावाचा कापडवालाच १७६१मध्ये माल लपवल्याबद्दल लटकला. (ली-पेरो वेगळे, पेरो बंधू वेगळे, हा पेरॉट वेगळा. मी तरी काय करू.)

पण दिवाळखोरी सुरू व्हायला कायद्यानं ठरवलेलं एखादं 'कृत्य' घडावं लागतं, आणि एका धनकोचे निदान १०० पौंड थकलेले असावे लागतात. देश सोडून पळणं हे एक कृत्य. दुसरं, धनकोला चुकवायला घरात दडून बसणं. त्याचा हुकमी पुरावा कोणता, तर धनको दारात आला असताना आतून निरोप देवविणं की मालक घरी नाहीत.

तुमची धाकटी दार किलकिलं करून म्हणते, "बाबा घरी नाहीत." बाप जिन्यात उभा आहे.

---

कोरा_कागद

काका!!! मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या.

तिसरं प्रकरण फाडलं. आता असं: सुरुवात रविवारी. बाप निळा कोट घालून दोन्ही मुलांना घेऊन नदीवर फिरायला निघालाय, खूप हसतोय, ओळखीच्यांना टोपी काढून नमस्कार करतोय. धाकटीला कळत नाही की बाबा फक्त रविवारीच इतके मजेत का असतात. थोरल्याच्या डोक्यात हुंडी आहे आणि तो मोजतोय मुदत कधी भरते. सोमवारी दारावर थाप, आणि तिनं फट करून ते वाक्य म्हणायचं, बापानंच शिकवलेलं. दारातल्या माणसानं थँक्यू म्हणून टोपीला हात लावायचा आणि खिशातून वही काढून वेळ टिपायची.

मामा काय म्हणणार ते ठरलेलं नाही. मामी आणलीय, खारूताई.

---

बेलिफकाका

वही झकास. एकच दुरुस्ती: रविवारी रात्री बारापर्यंतच अभय आहे. बापाला नदीवर फार रेंगाळू देऊ नका.